नीमाबाईंच्या आईचा खांगा

मंगळ., ४ फेब्रु.
गोधडीचा पहिला वर्ग. दुपारी तीनला सूनबाईने, अश्विनीने, लॅपटॉप लावून दिला. तिकडे टांझानियात शेडमध्ये बारा बायका. हे वर्ग चालवणाऱ्या संस्थेची गौरी तिथेच राहते, माझं मराठी त्यांच्या भाषेत सांगते.
गोधडीची सुरुवात फाडण्यापासून. आमच्या दिघीच्या बायकांनाही मी असंच शिकवते. कात्री नाही. हाताने फाडलं की सुताच्या रेषेत सरळ फाटतं, कापड किती विरलंय तेही कळतं. सगळ्यांनी टराटरा फाडलं. एक नीमाबाई तेवढ्या कापड मांडीवर घेऊन बसून. माझ्याच वयाच्या. कापड पिवळं-काळं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. गोधडीला अगदी हवं तसं.
म्हटलं, "अहो बाई, फाडा की! कापडाला काय दुखतंय?" गौरी चाचरली. मी परत म्हटलं, जरा जोरातच. मग फाडलं त्यांनी. चार पट्ट्या.
वर्ग छान झाला.

गुरु., ६ फेब्रु.
नीमाबाई नाहीत. गौरीला खोदून विचारलं तेव्हा बोलली. तो खांगा त्यांच्या आईचा. तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड. आई मागच्या वर्षी गेली. आता नीमाबाईंच्या मुलीचे दिवस भरत आलेत, बाळ त्यातच गुंडाळायचं घरात ठरलेलं. वर्गात नुसतं दाखवायला आणलं होतं, गोधडीला कसलं कापड लागतं ते विचारायला.
"मग फाडलं कशाला?"
"काकू, तुम्ही बाई ना त्यांच्या. बाईंना नाही कसं म्हणणार?"
अरे देवा.

शुक्र., ७
आमच्यात गेलेल्या माणसाचे कपडे गोधडीत घालतात. ह्यांचे चाकणच्या कंपनीचे दोन शर्ट माझ्या गोधडीत आहेत. मीच फाडले, रडत रडत. मला वाटलं सगळ्या जगात असंच. मूर्ख बाई!
पण त्यांना तोंड उघडायला काय झालं होतं? एक शब्द बोलल्या असत्या तर...
अश्विनीपाशी हेच बोलले. म्हणाली, "आई, तुमच्यापुढे मी तरी कुठे उघडते?"
राग आला. खरं आहे म्हणून जास्तच आला.

मंगळ., ११
अकराच बायका. लक्ष लागलं नाही, टाके वाकडे गेले, माझेच. गौरीकडून नीमाबाईंना निरोप धाडला: चुकले, माफ करा, त्या पट्ट्यांची बाळासाठी गोधडी करू, मी शिकवते.
अ. म्हणाली, "माफी मागतानाही शिकवताच तुम्ही."


रवि., १६
गौरीचा फोन. मुलगी झाली. बाळंतीण ठीक. बाळाला दवाखान्याच्या टॉवेलात गुंडाळलं.
नीमाबाईंचा निरोपही होता. गौरी सांगायला घाबरत होती. "फाडायला लावलंस तू, जोडायला तू ये. मला काही शिकवू नकोस. तूच जोड."
त्या तू म्हणाल्या की तुम्ही, गौरीलाच ठाऊक. मला तूच ऐकू आलं.
तिकिटाचं संस्था बघेल म्हणे. माझ्याकडे पासपोर्टही नाही. विमान नुसतं डोक्यावरून जाताना पाहिलंय.

मंगळ., १८
वर्ग बंद ठेवला. ठेवणीतलं एक सुती लुगडं फाडून बघितलं. चार पट्ट्या केल्या आणि जोडल्या. जीव ओतून, बारीकात बारीक टाका. उलट्या बाजूने बोट फिरवलं. लागतो जोड. तान्ह्या अंगाला तर लागणारच. उसवून परत केलं. परत तेच. एवढी वर्षं हेच करतेय, आणि येत नाही मला.
अ.ने न विचारता पासपोर्टचा अर्ज भरायला घेतला.
गौरीला म्हटलं, "येते म्हणावं. पण जोड दिसणार, हाताला लागणार, हेही सांग. गोड करून सांगू नकोस."
संध्याकाळी तिचा मेसेज. सांगितलंय सगळं. नीमाबाईंनी ऐकून घेतलं, बाळाला उचललं आणि आत गेल्या. मी अ.ला म्हटलं, अर्ज पुरा कर.