हलली ती सई, तुमचा हात नाही

प्रिय बाबा,

आज तुमच्यावर वैतागून लिहायला बसलेय. आईला तुमच्या लग्नाच्या फोटोची कॉपी हवी होती. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला, म्हणून भिंतीवर होता तसाच, तुमच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश न वापरता, ट्रायपॉड लावून काढला. एकूण एक फोटो पुसट! बराच वेळ फोकसला दोष दिला. मग दिसलं, लेन्सवरचं स्टॅबिलायझेशनचं, हाताची थरथर सावरणारं बटण तुम्ही काळी टेप लावून चालूच राहील असं करून ठेवलंय.

अहो, ट्रायपॉडवर ते बंद करायचं असतं. काही हलतच नसलं की ही जुनी लेन्स उगाच हलणं शोधत बसते आणि फोटो बिघडवते. थरथरणारा अंगठा लागून बटण बंद होऊ नये, म्हणून टेप लावलीत ना?

टेप सोलली, बटण बंद केलं, फोटो स्वच्छ आला, आई खूश झाली. मी मात्र कार्डावरचे तुमचे फोटो बघत बसले आणि शिवाजी पार्कवरचं आपलं भांडण आठवलं.

कंपवात सुरू झाला आणि तुम्ही कॅमेरा कपाटात टाकलात. म्हणून तर मी ही लेन्स आणली. परळच्या आपल्या गॅलरीतून, मावळतीच्या उजेडात, हातात धरून तुम्ही समोरच्या गच्चीवर बसलेल्या घारीचा फोटो काढलात. पीस न् पीस दिसत होतं. किती दिवसांनी हसलात तेव्हा!

मग नातीचा मल्लखांब टिपायचं मनात घेतलंत. संध्याकाळ, उजेड कमी, शटर हळू. सईने फिरकी घेतली की फोटोत नुसता धुरकट पट्टा. मी सांगत होते, लेन्स आपला हात सावरते, समोरच्या माणसाला थांबवत नाही. शटरचा वेग वाढवा, उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. फोटो रवाळ येतो, म्हणालात. येऊ दे की, म्हटलं मी. तुम्ही कॅमेरा पिशवीत घातलात.

"माझा हात हलतो, तर सरळ सांग. सईच्या नावावर कशाला खपवतेस?"

खांब बघा, खांब बघा, मी म्हणत राहिले. हात हलला असता तर खांबही पुसट आला नसता का? चष्मा आणला नाही, म्हणालात. चष्मा तुमच्या शर्टाच्या खिशात होता, बाबा.

मी धीर द्यायला खोटं बोलतेय, असंच तुम्ही धरून बसलात. त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाहीत. एकदा सईने विचारलं, "आजोबा, मी हळू फिरू का?" तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि टीव्ही लावलात. कॅमेरा तसाच राहिला, आणि तुम्ही गेलात.

आज तो फोटो मोठा करून पाहिला. तेलकट खांबावरची लाकडाची रेघ न् रेघ स्वच्छ. मागच्या कट्ट्याचे दगड स्वच्छ. पुसट फक्त सई. इतका छान धरला होतात कॅमेरा, आणि हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. हा राग मी आता कुणावर काढू?

सईला तुमचा कॅमेरा हवाय. देणार आहे. शिकवायला बसेन तेव्हा सगळ्यात आधी हाच फोटो तिच्यासमोर ठेवीन. जे तुम्ही मला दाखवू दिलं नाहीत, ते तिला नीट दाखवीन.

तुमची, अजून चिडलेली,
सुजू