मुंबई ते फ्रँकफर्ट, साडेचार तास

साहेब, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आज मुलगी फ्रँकफर्टच्या विमानात बसली आहे. फोनवर तिचं विमान सरकताना दिसतंय. अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या थोडं वर, वेळ नऊ तास. तुम्ही साडेचार म्हणाला होतात.

चाकणजवळ कुरुळीच्या कारखान्यात तुम्ही फोरमन आणि मी तुमच्या हाताखालचा, आयटीआयसुद्धा न केलेला. जर्मनीच्या गिऱ्हाइकाला दोन भाग मिसळून गोठवलेल्या अॅडहेसिव्हचे नमुने माणसाबरोबर पाठवायचे होते. ते गरम झालं की डब्यातच दगड होतं, म्हणून कोरड्या बर्फाची पेटी. तिकिटावर निघायची वेळ दुपारी एक, पोचायची संध्याकाळी साडेपाच. तुम्ही फळ्यावर बेरीज मांडलीत: चाकण ते विमानतळ चार, तिथं थांबायचे तीन, विमान साडेचार, उतरून कारखान्यापर्यंत दोन. साडेतेरा. "पंधरा तासांचा बर्फ भर. लई झाला." तिकिटावरच्या दोन्ही वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, एवढं तुम्हाला ठाऊक नव्हतं. नुसत्या बोटानं पत्र्याची जाडी सांगणारा माणूस तुम्ही! कानस धरायलाही मला तुम्हीच शिकवलंत, तेही नाकारत नाही.

पेटी मी भरली, बर्फ काट्यावर तोलून. नमुने पोचले ते दगड होऊनच. चौथ्या दिवशी तुम्ही मला सगळ्या शिफ्टसमोर उभं करता.

"पंधरा तासांचा भराया सांगितला व्हता का न्हाई? ह्यानं हात आखडला."

"साहेब, वजन करून भरलाय. वहीत लिहिलंय."

"वहीत! पुस्तकं वाचून इंजनेर झालाय राव हा. उद्या इमान बी चालवंल."

सगळे हसतात. टूलरूममधून मला पॅकिंगला टाकलंत. दोन वर्षं खोक्यांना पट्ट्या मारल्या मी. आणि पुढच्या पेटीच्या वेळी माझ्याकडे न बघता म्हणालात, "तीस तासांचा भर." म्हणजे चूक तुम्हाला कळली होती. तरी मालकांपाशी जाऊन ती कबूल केली नाहीत. त्या तीस तासांसाठी मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं, कारण मग पुढचंही तुम्ही वाचलं असतं. बेरीज चुकलीय हे मला तुम्ही खडू खाली ठेवायच्या आतच कळलं होतं. आदल्याच आठवड्यात तुम्ही मला सुनावलं होतंत, "इचारल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई." नाही उघडलं. पेटीचं झाकण लावताना मला हसू येत होतं.