पुढच्या सीटवर तू

आई, तुम्ही दोघं पहिल्यांदा सिंगापूरला आलात तेव्हा चांगी विमानतळाच्या काचेपलीकडे तुम्हांला बघून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जन्मभर बाबा पुढे आणि तू पिशव्या सांभाळत चार पावलं मागे, अशीच तुमची जोडी मी पाहिली होती. त्या दिवशी तू पुढे होतीस, ट्रॉली ढकलत, आणि बाबांचा हात तुझ्या खांद्यावर होता. चारचौघांत! मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, परदेशात पाऊल टाकताच आमच्या बाबांना रंग चढला. मग दारातून बाहेर येताना बाबा समोरून येणाऱ्या एका बाईवर सरळ आदळले, आणि तू त्यांच्या वतीने "सॉरी, सॉरी" म्हणालीस, इतक्या सराईतपणे की ते पहिल्यांदा घडत नव्हतं हे मला कळलं.

काय झालंय ते तू दुसऱ्या दिवशी माझ्या टॅम्पिनीसच्या घरी स्वयंपाकघरात सांगितलंस, गवार मोडता मोडता. काचबिंदू. खूप उशिरा कळला. बाजूचं काही दिसत नाही, नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, आणि ती नळीही बारीक होत जाणार. "तुझ्या बाबांना सांगू नकोस मी तुला सांगितलं म्हणून," एवढंच वर म्हणालीस. मी रडायला लागले तर माझ्या हातातली गवार काढून घेतलीस. "रडत मोडू नकोस, शिरा राहतात."

बाबांना घरात कोंडून ठेवणं म्हणजे काय, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलाशी आठवडा काढायचा आणि रविवारी पहाटे सायकलवर टांग टाकून कुठल्यातरी किल्ल्याच्या पायथ्याला पोचायचं, असं त्यांचं आयुष्य गेलेलं. तू दशम्या आणि लसणाची चटणी बांधून द्यायचीस आणि संध्याकाळी गॅलरीत उभी राहायचीस. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, आई का येत नाही? बाबा म्हणाले होते, "तिला झेपायचं नाही." तू आत होतीस, पण ऐकू गेलं असणार. आमचं घर काही एवढं मोठं नव्हतं.

मी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून घरी यायची तोवर आठ वाजायचे, नवरा वन-नॉर्थहून त्याच्याही नंतर. दिवसभर तुम्ही दोघंच. बाबा दहाव्या मजल्यावरच्या खिडकीशी उभे राहून खालच्या सायकलींच्या घंट्या ऐकायचे. एका संध्याकाळी दार उघडलं तर माझी छोटी लेक पळत आली. "मम्मी, आज्जी फेल डाउन लाह! थ्री टाइम्स!" तू सोफ्यावर बसून कोपराला हळद लावत होतीस, आणि बाबा शेजारी, मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते इतके खूश. शेजारच्या मलय आजीची बास्केटवाली सायकल मागून आणून ते तुला खाली शिकवत होते. तुला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. ओढणी चेनमध्ये अडकून फाटली होती. "उद्यापासून कमरेला बांधेन," तू म्हणालीस, जणू प्रश्न फक्त ओढणीचा होता.

मला वाटलं, वेळ घालवायला चाललंय. तुमचा बेत मला पासिर रिसच्या पार्कात कळला, जिथे भाड्याच्या सायकलींत दोन सीटांची सायकल असते. हँडल, ब्रेक, वळण, सगळं पुढच्याकडे. मागच्याने पाय मारायचे आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा. बाबा मागे बसले. मी तिथे उभी आहे, माझ्या हातात तुमच्या चपला का आहेत कोण जाणे, आणि तुम्ही झोकांड्या खात निघालात. दोनदा गवतात गेलात. तिसऱ्यांदा सरळ गेलात आणि नारळाच्या झाडांमागे दिसेनासे झालात. परत आलात तेव्हा तुझी बडबड लांबूनच ऐकू येत होती. "डावीकडे एक म्हातारा मासे धरतोय. बादली रिकामी आहे. बायको शेजारी बसून पेपर वाचतेय, तिला सवय असणार." बाबा मागून विचारत होते, "पेपर कुठल्या भाषेतला?"

मग तुम्ही सुटलातच. दर वेळी व्हिजिट पासची मुदत संपली की पुण्याला जायचात, आणि परत आलात की पिशवीत लाडवांच्या डब्याबरोबर हेल्मेट. टॅम्पिनीसहून चांगी व्हिलेजची बस, तिथून लाकडी होडीने पुलाऊ उबिन. त्या बेटावर मी इतकी वर्षं राहून एकदाही गेले नव्हते. होडी भरेपर्यंत नावाडी हलत नाही, धक्क्याजवळच्या दुकानात चांगली सायकल कुठली, जुन्या खाणींतल्या तळ्यांचं पाणी कुठल्या वळणावरून दिसतं, धनेश पक्षी कुठल्या झाडावर बसतात, हे सगळं सिंगापूर मला तुमच्याकडून कळलं. शेजारणी विचारायच्या, आईवडील कंटाळत नाहीत का? मी म्हणायचे, घरी सापडले तर विचारते.

आणि मग तो रविवार. तुम्ही दुपारी उबिनहून आलात, बाबांच्या हनुवटीला टाके, तुझा ड्रेस खांद्यापासून फाटलेला. तू सांगितलंस ते एवढंच: उतारावर रानडुकरीण पिल्लं घेऊन आडवी आली, तू करकचून ब्रेक दाबलास, दोघं पडलात, थोडं बसलात, येताना दवाखान्यात टाके घालून घेतलेत, परत आलात. मी घाबरले होते म्हणून ओरडले. म्हटलं, पुरे झाली ही थेरं. बाबांना दिसत नाही, तुला धड चालवता येत नाही, इथे काही झालं तर दवाखाने कोण करणार? उद्यापासून खाली बागेत चालायचं, बास.

तू मला कधी मोठ्याने बोलली नव्हतीस. त्या दिवशीही नाही. गॅस बंद केलास, वळलीस आणि म्हणालीस, "हे तीस वर्षं डोंगर चढले आणि मी गॅलरीत उभी राहिले. तेव्हा मला भीती वाटते का, असं कुणी विचारलं नाही. आता आम्ही पहिल्यांदा बरोबर जातोय. यांना दिसतंय तोवर जाऊ दे. आणि दिसेनासं झालं ना, तरी जाऊ." मग कुकरचं झाकण लावलंस. पुढच्या रविवारी तुमच्या डब्यात दशम्या मी भरल्या. जाड झाल्या होत्या. तू खाऊन आलीस आणि काही म्हणाली नाहीस, म्हणजे जाडच होत्या.

त्या उतारावर अजून काय झालं होतं ते बाबांनी मला गेल्या महिन्यात सांगितलं. आपण होऊन, दुपारच्या चहाला. आपटल्यावर ते उठलेच नाहीत. लागलं होतं म्हणून नव्हे. म्हणाले, "कड्यावर मी कधी घाबरलो नव्हतो, कारण पडायच्या आधी दिसायचं. तिथे जमीन न सांगता आली." ते रस्त्याच्या कडेला दोन्ही हातांनी गवत धरून बसले आणि म्हणाले, मी आता सायकलवर बसणार नाही, कुणालातरी गाडी आणायला सांग. तू गाडी शोधायला गेली नाहीस. त्यांच्याजवळ मातीत बसलीस. कोपऱ्यावरच्या टपरीतली चिनी बाई पाणी आणि स्वच्छ फडका घेऊन आली, तू तिच्याशी मराठीत बोललीस, ती तुझ्याशी तिच्या भाषेत, आणि दोघींनी मिळून हनुवटी बांधली. बराच वेळ गेल्यावर बाबा म्हणाले, "तुला आधीच न्यायला हवं होतं गं. राजगडला, सगळीकडे."

तू म्हणालीस, "आधी नेलं असतंत तर मला मागून चालायला लावलं असतंत. चला, उठा."

हे सांगताना बाबा इतके हसले की चहा बशीत सांडला. मग म्हणाले, "परतीच्या वाटेवर तिचे हात थरथरत होते. हँडलमधून, सीटमधून, मला सगळं कळत होतं. तरी तोंड चालूच. उजवीकडे फणस, डावीकडे कोंबड्या." तू घाबरली होतीस, आई. मला वाटायचं, तुला भीती ठाऊकच नाही.

त्यानंतर तुम्ही सीमेपलीकडे मलाक्काला गेलात, कॅमेरॉनच्या चहाच्या मळ्यांतून चाललात. तिओमान बेटाच्या समुद्रात लाइफ जॅकेट घालून उतरलात, आणि तू पाण्यात तोंड घालून बघायचीस, वर येऊन बाबांना माशांचे रंग सांगायचीस, पुन्हा तोंड घालायचीस. एव्हाना त्यांना हाताच्या अंतरावरचा उजेड तेवढा कळत होता. परत आल्यावर त्यांनी मला त्या माशांचं इतकं बारीक वर्णन केलं की मी विचारलं, तुम्हांला दिसले? म्हणाले, "म्हणजे काय!"

तू पुण्यात गेलीस, एका सकाळी, आजारी न पडता. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाबांना मी इकडे आणलं. ते ब्याऐंशीचे आहेत, पूर्ण अंधार आहे, पाय मात्र अजून कारखान्यात असताना होते तसे. लेक कामाला लागली, दुसऱ्या देशात राहते. मी नोकरी सोडली, वेळच वेळ आहे. बाबांना मी रोज खाली फिरवते, हात धरून, आणि वाटेत काय दिसतं ते सांगते. झाड, म्हणते. ते विचारतात, कुठलं? मला येत नाही. बस आली, म्हणते. ते विचारतात, कोण उतरलं? तेव्हा मी बघायला लागते. थोडं थोडं जमतंय.

हे पत्र कुठे टाकणार? बाबांना वाचून दाखवावं तर मीच अडखळेन. आणि शेवटची ओळ तर त्यांना ऐकवताच येणार नाही. दर रविवारी ते विचारतात, पासिर रिसला जायचं का, एक चक्कर मारू, तू पुढे बस. मी सांगते, बाबा, माझा गुडघा फार दुखतो हो. ते "बरं, बरं" म्हणतात आणि त्या गुडघ्यासाठी मला तेल चोळायला सांगतात.

माझा गुडघा दुखत नाही, आई.