केसरबाईची फाईल

४ नोव्हेंबर, वडसा
पोचलो एकदाचा! मोहर्लीले जंगल सफारीच्या जिप्सी धुवायचं काम सोडलं, त्याआधी भातगिरणी सोडली. पण इथी जीव लागेल असं वाटते. सादिकभाईचं पोस्टरचं दुकान स्टेशनजवळ आहे. झाडीपट्टी नाटकांचा सीझन सुरू, साऱ्या नाटक कंपन्यांची पोस्टरं इथूनच जातात. नववी नापास आहो म्हटल्यावर भाई हसले. माऊस धरता येते ना, मग बस, म्हणले. नवीन मशीन जुन्या फाईली घेत नाई. म्हणून दहा-बारा वर्षांची पोस्टरं नवीन सॉफ्टवेअरमध्ये उघडायची आणि नवीन फॉरमॅटमध्ये सेव्ह करायची. उघडताना एक इंग्रजी चौकट येते. फॉन्ट सापडत नाई, त्याच्या जागी कोणता टाकू, असं विचारते. चौकट वाच, जुनं-नवं बाजूबाजूले ठेवून बघ, मगच जुनी फाईल पुस, हे भाईनं तीनदा सांगितलं.

९ नोव्हेंबर
बसून बसून पायाले मुंग्या येतात. एवढं कोण वाचत बसते? चौकट आली की ओके, सेव्ह, जुनी पुसली. दिवसाच्या साठ होतात. भाई म्हणे, पोरगा आहे का पाण्याची मोटर! बाजूच्या कंपनीतल्या केसरबाई लाखोळीच्या डाळीचे वडे देऊन गेल्या. तीस वर्षांपासून त्या नाटकात आईचं काम करतात. बुडाखाली खिळा आहे का रे बाबू, असं मलेच चिडवतात. तरी माझ्यासाठी दोन वडे जास्तीचे ठेवले.

१३ नोव्हेंबर
बाई आपलं जुनं पोस्टर पाहाले आल्या. नवीन फाईल उघडली. बाई त्यात नाई. हिरो आणि सासरा खांद्याले खांदा लावून उभे, मधात बोटभरही जागा नाई. कापलं ना रे मले, म्हणून बाई हसल्या. मी काहीच कापलं नव्हतं. आणखी दहा फाईली उघडल्या. एकातही नाई.

१४ नोव्हेंबर
बाई तालमीले गेल्या, तर मॅनेजरनं विचारलं, कोणाकडे आलात? बाईले वाटलं, मस्करी असेल. आईच्या कामाले दुसरी बाई उभी होती. म्हणे, पहिलेपासून तीच आहे.

१६ नोव्हेंबर
बाईचा मुलगा मुखरू कंपनीत लाइट सांभाळते. बाईनं त्याचा हात धरला. त्यानं हळूच सोडवला. माझी आई मी रांगत होतो तेव्हाच गेली, म्हणला. तेव्हापासून बाई दुकानाच्या बाकावर बसून आहेत. भाई मलेच विचारतात, ही कोण? मी मागचं पान वाचून पाहिलं. वडे लिहिलेले आहेत. माझं डोकं फिरलेलं नाई.

१७ नोव्हेंबर
जुन्या फाईली मीच पुसल्या. शेवटचं एक फोल्डर उरलं. त्यात बाईचं एकच पोस्टर. उघडलं. पहिल्यांदा बोट ठेवून चौकट वाचली. इंग्रजी नाई.
केसर सापडत नाई. जागी कोण?
खाली रिकामी रेघ. ती रिकामीच सोडून मी ओके दाबत आलो. चारशे वेळा. आणखी कोण कोण गेलं —

१८ नोव्हेंबर, सकाळ
रिकामं सोडून सेव्ह केलं नाई. मेलेल्याचं नाव टाकलं — घेत नाई. खोटं नाव — घेत नाई. बाईच्या बदल्यात जिवंत माणूसच मागते. बाईनं पाण्याले हात नाई लावला. मुखरूच्या येण्या-जाण्याकडे नुसत्या पाहतात.
कोणाचं टाकू? मी तसाही कुठी टिकतो —
टाकलं. माझंच. प्रणित. ओके.

दुपार
बाई पोस्टरवर आल्या! मधातच. मुखरू धावत आला. दोन दिवस कुठी होती आई, जेवलीस का, म्हणून केवढा ओरडला. बाई रडल्या. मीही —
हसून हात केला. बाईनं पाहिलं नाई. हा कम्प्युटर कोणी चालू ठेवला, म्हणून भाईले विचारतात. भाई म्हणले, कामाले माणूस शोधून राह्यलो, भेटतच नाई, आता मीच बसतो.
ओरडलो. कोणी —
भाई आले. मी बसलेली खुर्ची ओढली. मी उठलोच नाई, तरी ते बसून राह्यले, माझ्याच जागी —