घाबरू नका, आधी पाणी प्या

५ जून
नोकरी लागली! कंपनी कॉम्प्युटरच्या व्हायरसवर इलाज विकते. माझं काम – स्क्रीनवर येणाऱ्या सूचना साध्या मराठीत लिहायच्या. कॉम्प्युटरला बिचकणाऱ्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलायचं, हेच तर मला हवं होतं. घरातली पहिली पदवी सत्कारणी लागली! बाबांनी शिवणाचं मशीन थांबवून तीनदा विचारलं, "म्हणजे तू लिहिणार आणि लोक वाचणार?"

९ जून
पहिली सूचना मंजूर! "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३७ व्हायरस सापडले आहेत. घाबरू नका, आधी पाणी प्या. मग खालचं बटण दाबा." पाण्याचं वाक्य आईचं आहे. घरात कुणी पडो, कुणाचं काही हरवो, ती आधी पेला पुढे करते. मोठे सर खूश – "घरचं वाटतं!"

१२ जून
मी दोन बटणं लिहिली होती – "पैसे भरा" आणि "नको". सरांनी दुसरं उडवलं. मग ज्याला नकोय त्याने काय दाबायचं? "त्याची काळजी आपण कशाला करायची?" म्हणाले. कळलं नाही. नवीन आहे, शिकेन.

१६ जून
आज खोक्यातून नवाकोरा कॉम्प्युटर काढला. इंटरनेटसुद्धा जोडलं नव्हतं. आमचा प्रोग्राम टाकला – ३७ व्हायरस! माझ्या कॉम्प्युटरवर टाकून पाहिला – ३७. शेजारच्या टेबलावरच्या ताईंच्या कॉम्प्युटरवर – ३७! कारखान्यातूनच येतात की काय? सरांना विचारलं. "दिसत नाहीत म्हणूनच तर ते व्हायरस!" सगळे हसले. मीही हसले. का हसले?

१७ जून
जेवताना ताईंना सरळ विचारलं. त्या डबा बंद करता करता थांबल्या. "तुला खरंच माहीत नव्हतं?"
प्रोग्राम काही शोधतच नाही म्हणे. आकडा आधीच घालून ठेवलेला.
मग मी रोज काय लिहितेय? "घाबरू नका" हे तरी खरं आहे ना – घाबरण्यासारखं काही नव्हतंच! डोकं चालत नाहीये.

१८ जून
बाबांना सांगायचंच असं ठरवून घरी आले. मी तोंड उघडायच्या आत तेच सुरू झाले. समोरच्या घड्याळवाल्या काकांच्या कॉम्प्युटरवर आमची सूचना आली. त्यांची सून म्हणत होती, "मामंजी, बंद करा, भामटे आहेत हे." बाबा तिथेच बसले होते. "मी म्हटलं, थांब गं पोरी! आधी पाणी प्या – हे आमच्या घरातलं बोलणं आहे. आमच्या लेकीने लिहिलंय. बिनधास्त भरा, मी सांगतो!"
काकांनी पैसे भरले. बाबांच्या शब्दावर गल्लीतल्या शिकवणीच्या बाईंनीही भरले.
आईने माझ्याकडे पाहिलं आणि पेला पुढे केला.

१९ जून
बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं नाही. शिवण संपल्यावर दोरा तोडला आणि म्हणाले, "काकांना यातलं काही कळता कामा नये. उद्या वेळेवर जा कामावर."