आईच्या हाताला लागेल इतकी उंच

प्रिय धाकटे बुटके,

फोनवर तू आधी आईचं विचारतेस, मग माझं, आणि मी दोन्ही वेळा 'ठीक' म्हणून मोकळा होतो. म्हणून आज लिहायला बसलो. थोरली बुटकी, म्हणजे तुझी आई, शनिवारी घरी येतेय. जिन्यावरून पडल्यापासून तिनं इस्पितळाच्या छताखेरीज काही पाहिलेलं नाही, त्यामुळे नर्सबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना घरी जाण्याची बातमी देऊन झालीय. चाकाची खुर्ची मी आणून ठेवलीय. घडी घातली की डिकीत बसते, मोजून पाहिलं. अडलं होतं ते डिकीपाशीच.

बटण दाबलं की आपोआप उघडते म्हणून आई या गाडीवर भाळली होती, आठवतं? आणि पहिल्याच दिवशी डिकी पूर्ण वर गेली, तर बंद करायचं बटण हिच्या हाताला येईना. उड्या मारून झाल्या. मी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी गाडीचं पुस्तक वाचून, मला न विचारता, डिकी स्वतःला हवी तिथं थांबवली आणि बीप वाजेपर्यंत बटण दाबून धरलं. तेव्हापासून डिकी तिच्या हातापुरतीच उघडते आणि माझं कपाळ डिकीच्या काठावर आपटतं. "डोकं आहे याचा पुरावा मिळतोय, तक्रार कसली करता?" हे तिचं वर.

हल्ली ही डिकी दोनदा बीप करायची, वीतभर उचलायची आणि अडेल म्हशीसारखी बसायची. कंपनीच्या वर्कशॉपमधल्याने न उघडताच दोन्ही मोटरी बदला म्हणून सांगितलं. मी या कामाचा एका दिवसाचाही वर्ग केलेला नाही, पण अंदाजाने सामान बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, एवढं मला कळतं. बॅटरी पाहिली, फ्यूज पाहिले, मग बिजागरीजवळची रबरी नळी सोलली. डिकी उघडमिट होताना सगळ्या तारा तिथंच वाकतात. वरून एकेक तार नवीकोरी. मीटर लावला तर पूर्ण व्होल्ट. पण आतला तांब्याचा एखादाच केस शाबूत असला तरी मीटर 'सगळं छान' म्हणतो, माझ्यासारखाच. म्हणून मी मोठा बल्ब लावून पाहतो. भार आला की खरं काय ते कळतं. बल्ब मिणमिणला. तारेच्या प्लास्टिकच्या कोटाआत तांबं तुटलेलं होतं. मऊ तार घालून जोड दिले, तेही एकाखाली एक नाही, मागेपुढे, म्हणजे वाकताना सगळा ताण एका जागी येत नाही.

एवढ्यावर भागायला हवं होतं. पण त्याच नळीला चीर होती आणि तिथून झिरपलेलं पाणी डिकी चालवणाऱ्या कंट्रोल बॉक्सपर्यंत पोचलं होतं. उघडला, तर आत हिरवा कळंक. ब्रशने साफ केला, वाळवला, कळंकाने खाल्लेल्या सर्किटच्या रेषांवर केसाएवढी तार टाकून सोल्डरचा डाग दिला. अगं, मेलेलं यंत्र उठवताना मी कधी इतका हट्टाला पेटलो नव्हतो. पण बॉक्स उठला नाही. नवा बसवला. नव्याला काहीच माहीत नसतं. बंद म्हणजे कुठे आणि पूर्ण उघडं म्हणजे कुठे, हे शिकवावं लागतं. आता डिकी झोकात, थेट वरपर्यंत उघडते. कपाळ वाचलं. आईची उंची मात्र जुन्या बॉक्सबरोबर गेली. मी, जो स्क्रूसुद्धा मोजून घेतो, त्याने ती कधी मोजलीच नव्हती.

हे मी तिला सांगायला गेलो नव्हतो, पण डिकी झाली म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न, "अहो, माझ्या हाताला येईल अशीच ठेवलीय ना? नाहीतर बाजारात दर वेळी तुम्हाला हाका मारत बसू का?" मी हो म्हणालो.

बुटके, डॉक्टरांनी मला गेल्या आठवड्यात बाहेर बोलावून घेतलं. मणक्यातली नस तुटलीय. ती उभी राहणार नाही. महिन्याभराने नाही, वर्षानेही नाही. मी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. तिन्हीचं उत्तर एकच आलं. वरून सगळं धड दिसतं, हात लावला तर पाय गरम लागतात. तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी रोज सांगायला म्हणून जातो आणि डिकीचं बोलून परत येतो.

शनिवारी ती खुर्चीतून आधी डिकीकडे बघेल. मी अंदाजाने लावली तर बोटभर चूकही तिच्या नजरेतून सुटायची नाही, आणि मग बाकीचंही तिला तिथल्या तिथे माझ्या तोंडावर वाचता येईल. तू उंचीने, हाताने, तंतोतंत ती आहेस. म्हणून शुक्रवारी ये. डिकीखाली उभी राहा, हात वर कर, मी बटण दाबून धरतो. त्या उंचीचा यापुढे कुणाला उपयोग नाही, हे आपल्या दोघांना माहीत असेल. तरी ये. आजवर माझ्या कुठल्याही कामाला मी दुसऱ्याचा हात मागितलेला नाही.

तुझाच,
कपाळाला टेंगूळ नसलेला बाबा