आभाराचं पान

धारवाड, १२ मे १९९८

प्रिय अण्णा,

फार दिवसांनी लिहितेय, माफ कर. आईला हात धरून उठवण्या-बसवण्यात दिवस जातो.

निवेदिताचं पहिलं बाळंतपण माहेरीच, इथे करायचंय. तेवढे दोन महिने आईला पुण्याला ने, असं तुला मार्चमध्येच कळवलं होतं. उत्तर आलं नाही, तुझं नवं पुस्तक आलं. वाचलं. आईवरचा लेख चांगला आहे. पण पहिल्याच पानावर प्रकाशक, मुद्रक आणि त्यांच्याखाली मी: 'आईला सांभाळणाऱ्या उत्तराचे मनःपूर्वक आभार.' बहिणीचे आभार कधीपासून मानायला लागलास?

आईने विचारलं, "अण्णानं काय धाडलंय गं?"

"आभार."

"मग ठेव की कपाटात. न्यायला कधी येतोय तो?"

मी आईला घालवून देतेय का, असं रोज स्वतःला विचारते. पण काल निवेदिता फोनवर म्हणाली, "राहू दे आई, सासरीच करतील." तेव्हापासून राग आवरत नाही.

हे पत्र टाकणार नाही. तू त्याचेही आभार मानशील.

उत्तरा

उद्या: स्टेशनवर जाऊन पुण्याची तिकिटं काढणे. जाताना दोन, येताना एक.